उकंडरावाचं कोरं पोळं

२९ मार्च १९३४. उकंडरावानं एक रुपया दोन आणे मोजून सोमलाच्या हातावर ठेवले. मंगरूळपीरच्या कापूस अडतीतला हा सव्वीस वर्षं चाकरीतला मुनीम. बोलीही त्यानंच घातली होती: नाल्यावरच्या बोरीचं पोळं, आहे तसं.

दोन दिवसांनी नातीचं बारसं. "माही नात शिशीतला मध नाई चाटनार, पोयातला चाटन," असं तो विहीणबाईंना सांगून बसला होता.

सोमला मध काढण्यात जुना. तो म्हणाला, "मुनीमजी, पुनव आली. चांदण्यात माश्या मध पिऊन टाकतात. अमावसेपर्यंत थांबा."

"माश्या काय पंचांग पाहून जेवतात काय रे?"

सोमलानं ओल्या लिंबाच्या पाल्याचा धूर केला. माश्या उठल्या आणि त्यातल्या तिघींनी मुनीमजींच्या टकलावर सही केली. पिल्लांचा भाग सोमलानं फांदीलाच राहू दिला आणि एका टोकाचा, मधाचा, कापून हातात दिला. तो पिसासारखा हलका लागला.

उकंडराव बघतच राहिला. जन्मभर वह्या आखल्या, पण इतके सरळ, सारखे रकाने त्याच्या हातून कधी पडले नव्हते. पिवळंधमक मेण, आणि सगळी वही कोरी.

"आकडा एक नाई यात," तो म्हणाला. "अन् मी पैसे भरून मोकया. सोमला, मध कुठी हाये?"

"बोली पोयाची होती, मुनीमजी. मध मी कवा कबूल केला?"

परतताना उकंडरावानं वहाबच्या दुकानातून पावशेर मध घेतला. बारशाच्या सकाळी देवघराचं दार लावून तो बसला आणि चमच्यानं एकेक घर भरत गेला. सव्वीस वर्षांत त्यानं एक खोटी नोंद केली नव्हती; त्या तासाभरात शे-दीडशे केल्या.

ताटातलं पोळं पाहून बाया हरखल्या. विहीण प्रयागबाईंनी बोट बुडवून चाखलं, पुन्हा चाखलं.

"इवाई, या माश्या वहाबच्या दुकानात बसतात काय?"

उकंडरावानं टकलावरच्या गांधी चाचपल्या. "बसतात. पुनवेले मले तिथंच मध भेटला."

आधी तोच हसला, मग सगळं घर. तोवर लेक पंचफुलानं बोटभर मध तान्हीच्या जिभेला लावला होता. ती मिटक्या मारत होती.

वहाबचे सात आणे अजून द्यायचे आहेत.