मामांचं उलटं जॅकेट

माझे सासरे जॅकेट उलटं घालायचे. म्हणजे आतली बाजू बाहेर काढून नव्हे, तर पुढची बाजू मागे करून. छाती-पोट सगळं सलग कापडाखाली, कॉलर हनुवटीला टेकलेली आणि चेन पाठीवर. मागच्या सीटवर फुलांच्या करंड्या बांधून ते मोटारसायकलवरून दौंडला निघाले की समोरून पाहणाऱ्याला त्यात वावगं दिसत नसे. मागून पाहणाऱ्याला मात्र हा गृहस्थ नक्की कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय, असा प्रश्न पडे. स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात कुणीतरी हटकून विचारायचंच, "आप्पा, निघालाय का आलाय?" बशीत चहा ओतत ते शांतपणे सांगायचे, "वारं जिकडनं येतंय तिकडं निघालोय."

सगळी दुनिया त्यांना आप्पा म्हणायची, मी मामा म्हणायचो. भीमेकाठी, दौंडपासून फार लांब नाही असं त्यांचं गाव. थोडा ऊस, पण जीव सगळा शेवंती आणि झेंडूत. संध्याकाळी तोडलेली फुलं पहाटे उजाडायच्या आत दौंडच्या हारवाल्यांकडे पोचवायची, हा त्यांचा नेम. ज्यांनी कडाक्याच्या दिवसांत त्या भागात पहाटे गाडी चालवली आहे, त्यांना मी काय सांगावं? एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला भरलेला ऊस, मध्ये धुकं, आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या धुक्यातून अचानक समोर उभी राहणारी उसाची ट्रॉली. मामांना थंडीचं भय नव्हतं, पण थंडीला ते कधी हलक्यातही घेत नसत. "थंडीनं मानूस मरत न्हाई, पाव्हणं," ते मला म्हणायचे. "थंडीनं बोटं वाकत न्हाईत. आन् ब्रेक बोटांनी दाबायचा असतोय." एवढं सांगून ते माझ्या बोटांकडे बघायचे आणि मी नकळत मुठी उघडून मिटून दाखवायचो.

जॅकेट उलटं घालण्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. कापड कितीही जाड घ्या, वारा शेवटी चेनच्या दातांतूनच आत येतो आणि नेमका छातीवर बसतो. तेव्हा चेन मागे आणि सलग पाठ पुढे. अडचण एकच होती: पाठीवरची चेन स्वतःला लावता येत नाही. ती मामी लावायच्या. पहाटे मामा गाडी सुरू करून अंगणात बसलेले असायचे. चुलीवरचा चहा उतरवून मामी बाहेर यायच्या, खालून वर सर्रकन चेन ओढायच्या आणि पाठीवर एक थाप मारून म्हणायच्या, "हं, जावा." थाप पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. मामी कधी कधी कुरकुरायच्या, की अहो, साऱ्या गावाची माणसं सरळ कपडे घालतात, मलाच मेलीला हे ध्यान का मिळालं. पण त्यांची थाप कधी चुकल्याचं मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवत नाही. लहानपणी तिला त्या आवाजानंच जाग यायची म्हणे.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही मामांनी आधी माझं जॅकेट पाहिलं. आमचा बघण्याचा कार्यक्रम हिवाळ्यातला. मी शिरूरहून मोटारसायकलवर गेलो होतो, काळं चकचकीत जॅकेट घालून. त्या जॅकेटवर माझा फार भरवसा होता. आरशात ते झकास दिसायचं. प्रत्यक्षात न्हावऱ्यापर्यंतच माझे दात वाजायला लागले होते. मी ते काढून खुर्चीवर टाकलं. बाकीची मंडळी माझं शिक्षण, नोकरी, घरदार विचारत होती. मामांनी मात्र जॅकेट उचललं, बाहीचं कापड तोंडाशी धरलं, पलीकडे तळहात ठेवला आणि जोरात फुंकर मारली. मग तळहात माझ्यासमोर धरून म्हणाले, "फुंकर आरपार चाललीय. तवा वारं काय तुम्हाला इचारून आत येनार हाय व्हय?"

पोहे घेऊन येणाऱ्या मनीषाला हसू आवरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती तिथेच आवडली. नंतर तिनं मला आतली गोष्ट सांगितली. मी गेल्यावर मामा मामींना म्हणाले होते की पोरगा चांगला दिसतोय, पण कापड पारखून घेत नाही. त्यावर मामी म्हणाल्या, "कापड आपुन बघू. पोरगा ठिवा." आमचं लग्न असं ठरलं.

कापड बघण्याची जबाबदारी मामांनी दिवाळसणाला पार पाडली. आमच्याकडे पहिल्या दिवाळीला जावयाला अंगठी घालतात, निदान तशी अपेक्षा तरी असते. माझ्या आईनं तर बोटाचं माप आधीच कळवून ठेवलं होतं. मामा शिरूरला आले, बोटाचं माप ऐकून घेतलं आणि मला गाडीवर मागे बसवून बाजारपेठेत जॅकेटच्या दुकानात घेऊन गेले. दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांचं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्या दिवशी मामांनी चाचांची फळी रिकामी केली. प्रत्येक जॅकेटला फुंकर. रेक्झीन बघताच बाजूला, कारण ते थंडी अडवत नाही, साठवून ठेवतं. काळा रंग तर नकोच, कारण ट्रॉलीवाल्याला तुम्ही दिसायला हवेत. फुंकरीत पास झालेलं जॅकेट मी अंगात घालून आरशाकडे वळलो की मामा मला आरशापासून ओढून दुकानाबाहेर न्यायचे आणि उभ्या मोटारसायकलवर बसवायचे.

"जॅकेट उभ्यानं घ्यायचं नसतंय," ते म्हणाले. "उभ्यानं सगळीच बसत्यात. गाडीवर बसा, हँडल धरा, मंग कळंल."

ते खरंच होतं. हँडल धरलं की बाह्या वर सरकायच्या आणि मनगटं उघडी पडायची. पुढे वाकलं की कमरेवर वीतभर पाठ उघडी. मामा मागून माझ्या कमरेत बोटं घालून बघत होते, गळ्यात आणि कॉलरमध्ये किती फट राहते ते चाचपत होते. भर बाजारात, दिवाळीच्या गर्दीत. ओळखीची माणसं थांबून बघायला लागली. शेवटी चाचा पायरीवर येऊन म्हणाले, "आप्पा, जॅकेट घेताय का बैल?" मामा म्हणाले की बैलाला एवढं बघावं लागत नाही, त्याचं कातडं देवानंच पारखून दिलेलं असतं. मग दोघं एकमेकांना चहा पाजत बसले आणि मी गाडीवर हँडल धरून.

जे जॅकेट अखेर पसंत पडलं ते लांब, जाड आणि पिवळंधमक होतं. माझी आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. एमआयडीसीत पहिल्या पाळीला ते घालून गेलो आणि दुपारपर्यंत माझं नाव झेंडू पडलं, ते आजही आहे. पण त्या हिवाळ्यात माझे दात एकदाही वाजले नाहीत. पुढे पुढे मला चिडवणाऱ्यांतलेच दोघं-तिघं हळूच विचारायला लागले, सासरे परत कधी येणार आहेत?

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामी गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि संपलंच. मामा रडले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारत राहिले आणि दहावा झाल्यावर पुन्हा फुलं तोडायला लागले. मनीषानं त्यांना शिरूरला चला म्हणून परोपरीनं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की शेवंतीला पाणी कोण देईल. पावसाळा होता, अंगावर रेनकोट होता. जॅकेटचं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

ते आलं थंडी पडल्यावर. शेजारच्यांचा मनीषाला फोन आला, की आप्पा फार खोकतायत, आणि पहाटे पाठ उघडी टाकून गाडीवर जातायत. आम्ही त्याच दिवशी गेलो. जॅकेट खुंटीवर होतं. चेनच्या टोकाला हार ओवायचा दोरा बांधलेला, आणि तो मध्येच तुटलेला. मला सगळं कळलं. दोरा खांद्यावरून पुढे घेऊन ते स्वतःच चेन ओढायचा प्रयत्न करत होते. कधी चेन निम्म्यात अडकायची, कधी दोरा तुटायचा, आणि फुलांना उशीर नको म्हणून ते तसेच निघायचे. वारा मागून जॅकेटात भरायचा. मनीषा म्हणाली, आप्पा, सरळ घाला ना, पुढून लावा. ते म्हणाले, "सवय न्हाई." शेजारी कुणाला तरी लावायला सांगायचं, म्हटलं, तर पहाटे लोकांना कशाला उठवायचं, असं उत्तर.

दौंडच्या डॉक्टरांनी छातीत कफ साठल्याचं सांगितलं आणि सरळ बजावलं, की आणखी एकदा अशी थंडी भरली तर न्यूमोनिया होईल, या वयात तो झेपणार नाही. गाडी बंद करा. गाडी बंद म्हणजे दौंड बंद, फुलं बंद, आणि मग त्या घरात मामांनी दिवसभर करायचं काय? मनीषा बापाला थेट गाडीत घालून शिरूरला आणायच्या तयारीत होती. मी मध्ये पडलो. म्हटलं, बरं वाटेपर्यंत आराम करा, मग शिरूरला चला, चाचांकडे जाऊ. असं जॅकेट शोधू की ज्याच्या चेनमधून वारा येणार नाही. तसं मिळालं तर गाडी, नाही मिळालं तर आमच्या घरी. मामांनी बराच वेळ विचार केला आणि होकार दिला.

या वेळी फुंकर मी मारली. चाचांनी न सांगता सगळी फळी खाली काढली होती. मामी गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्यांनी फक्त मामांचा हात थोडा वेळ धरून ठेवला. एक राखाडी जॅकेट निघालं. चेनच्या आत जाड कापडाची पट्टी, वरून झाकायला आणखी एक पट्टी, मनगटाला आणि कमरेला इलॅस्टिक, पाठीवर दिव्यात चमकणारा पट्टा. मी मामांना बाहेर नेऊन मोटारसायकलवर बसवलं. त्यांनी हँडल धरलं. मी मनगटं बघितली, कमरेत बोटं घातली, कॉलर चाचपली. कुठे फट नव्हती. चेनवर तोंड लावून मी भर रस्त्यात फुंकर मारली. आत काही पोचलं नाही. मामांनी चेन स्वतःच खाली केली, स्वतःच वर केली, पट्टी दाबून बसवली. पुन्हा खाली, पुन्हा वर. त्यांना चूक काढायची होती आणि ती सापडत नव्हती.

"काय आप्पा, कमी काय हाय ह्याच्यात?" चाचांनी विचारलं.

मामा खाली चेनकडे बघत होते. "कमी काय न्हाई," ते म्हणाले. "पन ह्याला कुनाची गरजच लागत न्हाई."

जॅकेट आम्ही घेतलं.

मी त्यांना गावी सोडायला गेलो आणि मुक्कामाला राहिलो. पहाटे गाडीच्या आवाजानं जागा झालो. दारात आलो तर धुकं अंगणापर्यंत आलेलं. करंड्या बांधून झाल्या होत्या. मामा नवं जॅकेट सरळ घालून गाडीवर बसले होते. चेन गळ्यापर्यंत लावलेली, पट्टी दाबलेली, सगळं जिथल्या तिथं. गाडी सुरू होती आणि ते निघत नव्हते. मला वाटलं काही विसरलं असेल. मी विचारणार होतो, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पाठीकडे गेलं. ती जरा ताठ केलेली होती. ते वाट बघत होते, आणि कशाची ते बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

मी अनवाणीच अंगणात उतरलो. मागे जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "हं, जावा."

गाडी तशीच उभी राहिली. मामांनी मान वळवली नाही.

"जरा जोरानं मारा की, पाव्हणं," ते म्हणाले. "जॅकेट जाड हाय."