घोंगडीखालचं भाडं

सिरसाळ्यात सुंदररावांची दोन घरं एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. एकात मी राहतो, दुसऱ्यात तेव्हा पाली राहत. मी भाडं द्यायचो, पाली द्यायच्या नाहीत. बाकी सुंदररावांच्या लेखी आम्ही सारखेच.

त्या साली परळीला रेल्वे येणार अशी आवई तालुक्याच्या गावाहून, मोमिनाबादेहून उठली. परळी इथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण सुंदररावांना ओसरीवर बसल्या बसल्या इंजिनाची शिट्टी ऐकू यायला लागली. भर चावडीवर त्यांनी सांगून टाकलं की रिकामं घर महिना पाच रुपये, संस्थानच्या हाली शिक्क्याचे, खाली एक पैसा नाही. आणि आषाढ लागला की बंकटालाही तोच दर. बंकट म्हणजे मी. मला तोवर दीड रुपया पडत होता. पाच रुपयांत तर पालींसकट घर विकत मागितलं असतं लोकांनी.

रेल्वेचे साहेब काही आले नाहीत. आला धुळाजी धनगर.

हा धुळाजी उमापुराकडचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा आणि वैशाखात आमच्या शिवारात टेकायचा. पेरणीआधी मेंढरं रानात बसवली की लेंड्यांचं फुकट खत पडतं, म्हणून शेतकरी त्याला आवतण द्यायचे. त्या वर्षी मेंढरं सुंदररावांच्याच रानात बसली होती. अंगानं उंच आणि वाळलेला, खांद्यावर बारमास घोंगडी, आणि माणसांशी बोलणं असं की शब्दाला जकात पडते. मेंढरांशी मात्र पोटभर गप्पा. मी एकदा विचारलं, काय म्हणतात रे तुझी मेंढरं? तो म्हणाला, "म्हंत्यात, बंकट लई बोलतो."

तर असा माणूस, जन्मात छपराखाली झोपला नव्हता, तो घर मागायला आला. कारण त्याची बायको बायडाबाई. तिची दोन लेकरं वाटेवर झाली आणि वाटेवरच गेली, दोन्ही पावसापाण्यात, पालाच्या कापडाखाली. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं की हे लेकरू छपराखाली होईल. धुळाजीनं मान हलवली होती. त्याची मान हलली म्हणजे दुसऱ्याचं इष्टाम्पावरचं लिहिणं. आता मृग तोंडावर आला होता आणि गावात रिकामं घर एकच.

सकाळी सुंदरराव घर दाखवायला आले आणि धुळाजीनं तिथंच घोळ केला. बाजारात जनावर घेताना आधी खोड्या मोठ्यानं सांगायच्या, मग सौद्याला बसायचं. विकणाराही त्याचा राग धरत नाही. धुळाजीला हीच एक रीत ठाऊक. त्यानं घराची तशीच पारख केली. खांबाला खांदा लावून हलवलं, भिंतीवर थाप मारली, कोपऱ्यात जाऊन वास घेतला, जमलेल्या लोकांसमोर छताच्या धाब्याकडं बघत म्हणाला, "पाठ बसलीया. वर पांढरी माती पडली न्हाई दोन साल. पाणी गळतंया. आन् डाव्या अंगानं लंगडतंय."

मला हसू आवरेना. सुंदररावांचा चेहरा मात्र तांबडालाल झाला. बापजाद्यांच्या घराला कुणी लंगडं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. "कशाला आलास मग?" ते म्हणाले. "लंगडं हाय तर जा की तुझ्या पालात."

धुळाजी गोंधळला. त्याच्या हिशेबानं सौदा आता कुठं सुरू होत होता. तो म्हणाला, मालक, दर सांगा. सुंदररावांनी पाच सांगितले. धुळाजीनं दोन म्हटलं असतं, सुंदरराव अडीचवर आले असते. पण भोवती अर्धी गल्ली जमलेली, आणि सगळ्यांत पुढं मी, कान टवकारून. सुंदररावांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मला कळलं की हे उतरणार नाहीत. धनगराला एक आणा सोडला तर आषाढात मी त्यांच्या डोक्यावर बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी बसलोही असतो.

"पाच," ते पुन्हा म्हणाले. "न्हाई तर वाट मोकळी हाय."

बायडाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, एक हात कमरेवर, एक चौकटीवर. ती भांडली नाही, रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "चला. मेंढरं काढा. गंगथडीला जाऊ, तिथं कुणीबी ठिवंल."

सुंदररावांचं रान अजून अर्धंच बसून झालं होतं. पण तिकडं माझं लक्ष नव्हतं, कारण बायडाबाईच्या कपाळावर घाम आला होता आणि तो उन्हाचा नव्हता. माझी बायको चतुराबाई मागून पुढं आली, तिनं बायडाबाईच्या पोटाकडं पाहिलं आणि नदीकाठची ती गंगथडी फार लांब आहे एवढंच बोलली.

तेव्हा धुळाजीनं खांद्यावरची घोंगडी काढली. ओट्यावर मांडी घातली, घोंगडी गुडघ्यांवर पसरली आणि हात आत घालून सुंदररावांपुढं बसून राहिला.

बाजारातला सौदा तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर बसून हातांवर कापड टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. तो आकडा बाहेर बोलायचा नाही, पुढंही नाही. आणि ज्यानं हात आधी काढला त्यानं सौदा मोडला.

"घर म्हंजी काय बैल हाय का बे?" सुंदरराव म्हणाले.

धुळाजी म्हणाला, "बैलाचं बी सांगायचं नसतंय, मालक. घराचं बी सांगणार न्हाई."

सुंदरराव उभेच राहिले. मग माझ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, उपरणं झटकलं आणि खाली बसले. त्यांचा हात घोंगडीत गेला.

वैशाखाचं ऊन, लोकरीची घोंगडी आणि दोन हट्टी माणसं. मी बघत होतो, पण बघायला होतं काय? घोंगडी एकदा हलली. सुंदररावांनी मान जोरात हलवली. पुन्हा हलली. पुन्हा नाही. मी वहाणेचा अंगठा नीट करायच्या मिषानं वाकलो, तर धुळाजीनं माझ्याकडं न बघताच घोंगडीचा काठ गुडघ्याखाली दाबला. सुंदररावांच्या नाकावरून घाम टपकत होता. एकदा त्यांचा दंड मागं खेचला गेला. पण हात बाहेर आला नाही.

इकडं बायडाबाई चौकटीला धरून खाली बसली होती. ओठ दाताखाली. चतुराबाईनं तिला दंडाला धरलं, म्हणाली, "ऊठ बाई, आत चल. ह्या बाप्यांचं चालू दे."

"सौदा न्हाई झाला, अक्का," बायडाबाई म्हणाली. "बिनसौद्याच्या घरात म्या पाय घालायची न्हाई." आणि थांबून, दम घेऊन म्हणाली, "हितं वाटंवर बी हुतं. दोन झाली तशी."

सुंदरराव तिच्याकडं बघत होते. तिच्या हाताखालची चौकट त्यांच्या आज्यानं बसवलेली, आणि ती सोडून बाई रस्त्यावर बाळंत होणार होती. घोंगडी एकदाच हलली, सावकाश. धुळाजीनं डोळे मिटले. दोन्ही हात बरोबरच बाहेर आले.

धुळाजीनं कमरेच्या बटव्यातून भंडारा काढला आणि विकत घेतलेल्या मेंढीच्या पाठीवर टाकतात तसा चौकटीवर टाकला. तेवढा वेळ थांबून मग बायडाबाई उठली आणि उजवा पाय आधी आत ठेवला. चतुराबाईनं दार लावून घेतलं.

सुंदरराव उपरण्यानं तोंड पुसत गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुंदरराव दर एकच सांगतो." धुळाजीनं घोंगडी झटकली आणि पुन्हा खांद्यावर टाकली.

ऊन उतरायच्या आत भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. काय आवाज होता पोरीचा! पाली त्याच दिवशी माझ्या घरात आल्या. दुसऱ्या दिवशी धुळाजी गाढवावर पांढरी माती आणून धाब्यावर चढला, आणि सुंदररावांचं रानही शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बसून निघालं.

आकडा मात्र मला मिळाला नाही. धुळाजीला तंबाखू दिली, गूळ दिला. बायडाबाईला चतुराबाईकडून विचारवलं, तर ती म्हणाली तिला सांगितलाच नाही.

आषाढात सुंदरराव माझ्या ओट्याशी आले. मी आधीच तयारीत होतो. रुमाल गुडघ्यांवर पसरला, हात आत घातला आणि अगदी धुळाजीसारखं तोंड करून बसलो.

ते हसलेसुद्धा नाहीत. "बंकट, त्याच्या पोटात ऱ्हातंय म्हणून त्याच्या घोंगडीत हात घातला," ते म्हणाले. "तुज्या रुमालात बोट हाललं तर दिवेलागणीच्या आत पार नारायणगडाला कळंल. काढ, पाच काढ."

मी पाच काढले. भिंतीपलीकडं पोरीचा तोच आवाज लागला होता.