केस वाळले का

आमच्या कोंढ्याला नागपूरची एसटी कधी वेळेवर येत नाही. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या दिवशी मात्र ती वेळेआधी आली आणि माझे केस ओलेच होते. आई माझ्या कुरळ्या बटा जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर गुंडाळून गाठी मारत होती. तशाच गाठी डोक्यावर घेऊन मी गाडीत चढले. खिडकीखालून आई म्हणाली, "नागपूर आलं का सोडजो. वाळले का सांगजो मले." रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, खरं सांगायचं तर लाज जास्त होती.

नागपूरला गाठी सोडल्या, तर बटा गोल आणि मऊ खांद्यावर उतरल्या. चिंध्या मी पर्सच्या तळाशी कोंबल्या.

आईचं माहेर पवनीच्या विणकरांचं. तिथे ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला भाताची खळ देतात, म्हणजे सूत पिंजारत नाही. तीच युक्ती तिने माझ्या केसांवर चालवली होती: पेज लावायची, चिंध्यांवर गुंडाळायचं आणि सावलीत वाऱ्यावर सोडून द्यायचं.

पुण्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. पीजीत ड्रायरला बंदी, कारण तो लावला की सगळ्या मजल्याचे दिवे जायचे. केस वाट्टेल तसे फुगायचे. दवाखान्यातल्या मॅडमनी दोनदा सांगितलं, प्रोबेशन संपायच्या आत पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करायचं स्मूदनिंग करून घे, काउंटरवर असं चालणार नाही. रूममेटही तेच म्हणाली. मला ते नको होतं. आईचे केस असेच आहेत, आणि एवढ्या मोठ्या शहरात आरशात तेवढीच काय ती आई माझ्याबरोबर होती. पण नोकरीही हवी होती.

म्हणून एका रविवारी पेजेसाठी भाताचा कुकर लावला. केसांची पेज नेहमी आईच करायची; मी पाहिली होती ती मामाकडची खळ. तशीच दाट केली आणि थापली. सोमवारी केस पापडासारखे कडक, आणि दुपारपर्यंत काळ्या कुर्त्यावर पांढरा भुगा. मॅडमनी डँड्रफच्या शाम्पूचं नाव सांगितलं. संध्याकाळी आईला फोन केला, तर ती आधी ठसका लागेपर्यंत हसली.

"खळ सुताले देतात, बाई. त्याले मागावर मार खायचा रायते. तुह्या केसाले कोनाचा मार खायचा आहे? पाण्यासारखी पातळ कर, लाव अन् धुऊन टाक."

पुढच्या रविवारी तसंच केलं. चिंध्या बांधल्या आणि खिडकीत बसून भाजी निवडली. घाई केली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि कुठल्या पार्लरमध्ये गेली होतीस म्हणाल्या. स्मूदनिंगचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि नोकरी पक्की झाली. मग पीजीतल्या दोघी-तिघी चिंध्या मागायला लागल्या.

गावातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, गावाकडे वारा असतोच, त्याला कोणी विचारत नाही. इथे त्याच्यासाठी रविवार राखून ठेवावा लागतो. आता माझा स्वतःचा फ्लॅट आहे, बाल्कनीही आहे, आणि दोरीवर त्याच चिंध्या वाळत असतात. घर म्हटलं की मला आधी कोंढा आठवतो आणि लगेच ही दोरीही. पूर्वी याचं अपराधी वाटायचं, आता वाटत नाही.

यंदा आई पहिल्यांदा राहायला आली. परत जायच्या दिवशी मी तिच्या केसांना पातळ पेज लावली, धुऊन टाकली आणि अर्धे पिकलेले ते कुरळे केस चिंध्यांवर बांधत होते, तोच रिक्षा खाली येऊन उभी राहिली. लोक हसतील म्हणून ती कुरकुरली. हसू दे म्हटलं. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि तशीच बसली.

नागपूरला उतरल्यावर तिचा फोन आला. पोहोचले, जेवले, गाडीत गर्दी होती, यातलं काहीच तिने आधी सांगितलं नाही.

"वाळले, बाई," ती म्हणाली.