तोफ आणि खोटी रेघ

मटणाच्या दुकानात ती सत्तूर चालवायची आणि सगळी गल्ली तिला तोफ म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणणाऱ्या एका दलालाला तिने मेंढीच्या फऱ्यानेच बडवलं होतं. नवरा अगदी उलटा. घड्याळं दुरुस्त करायचा, दिवसभरात चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

मूल होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बीज तयार व्हायच्या गोळ्या दिल्या आणि लघवीत बुडवून बघायच्या पट्ट्या. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की बीज सुटायची वेळ आली. पण थांबणं तोफेच्या रक्तात नव्हतं. गिऱ्हाईक यायच्या आधीच सत्तूरला धार, ही तिची रीत. तिने पहिल्या गोळीबरोबरच पहिली पट्टी बुडवली. रेघ गडद दिसली की नवऱ्याला दुकानातून ओढत घरी आणायची, डोळ्यावर भिंग तसंच. मग ठरल्यासारखी पाळी यायची आणि घरात भांडी उडायची.

"पट्टी खोटं बोलत नाही," ती ओरडायची. "तुझ्यातच दम नाही."

"मी कुठे काय म्हणतोय," तो खाली बघत म्हणायचा.

या गरीबपणाने तर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आधी थप्पड असायची, मग पाठीत काठी. शेवटच्या वेळी तिने हाडं फोडायचा दांडका उचलला. त्याने डोकं वाचवायला हात आडवा घातला आणि मनगट मोडलं. केसाएवढे स्क्रू बसवणारा हात तो. माणूस बहिणीकडे निघून गेला. मला विचाराल, तर फार आधी जायला हवा होता.

तो घरात नसतानाही ती गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. आशा मोठी चिवट असते.

"गोळ्या चालू असतानाच पट्टी बघता?" नर्सबाई म्हणाल्या. "अहो, त्या गोळ्यांनीसुद्धा रेघ गडद येते. ती खोटी. गोळ्या संपल्या की काही दिवस थांबायचं आणि मग बघायचं."

तोफ बाकड्यावर मटकन बसली. एका खोट्या रेघेपायी आपण त्याला मारलं, हे तिला आता कळलं.

या खेपेला ती थांबली. एका सकाळी रेघ आली, खरीखुरी. पट्टी मुठीत धरून ती नणंदेच्या दारात गेली. नणंद उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"वहिनी, परत जा."

"चूक माझी होती. एवढंच सांगते त्याला."

तेवढ्यात तो आतून आला, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. पट्टी दाखवायला तिने नुसता हात वर केला.

त्याने झटक्यात दुसरा हात डोक्यावर घेतला आणि भिंतीला चिकटून खाली बसला.

तोफेने हात हळूहळू खाली घेतला. नणंदेने दार लावून घेतलं.