आधी पट्टी दाखवा

गणपती विसर्जनानंतरचा सोमवार: सोसायटीच्या सभागृहात समारंभ, कर्कश ध्वनिक्षेपक, तक्रार त्याच दिवशी दाखल. शुक्रवार: कार्यकारिणीची सभा. पुढचा मंगळवार: सभागृहाला कुलूप. जबाबदार व्यक्ती तीन: अध्यक्ष, सचिव आणि तक्रारदार. तक्रारदार मी.

त्या कुलपामुळे ज्यांची बैठक बंद पडली, त्या बाई "आधी पट्टी दाखवा" म्हणून हात पुढे करीत. आम्ही त्यांना सिस्टर म्हणत असू. निवृत्त परिचारिका, मिठागराकाठच्या गावातून दर मंगळवारी आणि शनिवारी बसने आमच्या मनवेलपाड्याला येत. कोणाला रक्तदाब, कोणाला पित्त, कोणाची झोप उडालेली, अशी आम्ही नऊ-दहा माणसे खुर्च्यांवर बसून आपापल्या श्वासाकडे लक्ष देत असू. त्याआधी प्रत्येकाने आपल्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातावर ठेवायची. रिकामे कप्पे त्या बोटाने तपासत.

एका गृहस्थांनी एकदा अभिमानाने सांगितले, "सिस्टर, ध्यानाने इतके बरे वाटते की मी गोळी सोडली."

सिस्टरांनी त्यांची खुर्ची उचलून भिंतीला लावली. "डॉक्टरला विचारलंत? नाय ना? मग पयले दवाखान्यात जा. श्वास गोळीच्या जोडीला हाय, गोळीच्या जागी नाय."

वाचकहो, नियमाचा इतका काटेकोर अंमल मी न्यायालयातील माझ्या सबंध कारकुनीत पाहिला नाही.

मला डॉक्टरांनीच त्यांच्याकडे पाठवले होते. पत्नी गेल्यानंतर माझा रक्तदाब आणि माझा पत्रव्यवहार दोन्ही वाढले होते.

"पोटावर हात ठेवा, आजोबा."

"मला नातवंडे नाहीत."

"मग काका. काका, आत कोनाशी भांडताय?"

"प्रभाग कार्यालयाशी."

"त्यांना बाहेर बसू द्या. त्यांना बसायची सवय हाय."

सगळे हसले. मीही हसलो, असे शेजारच्या खुर्चीवरील बाईंनी नंतर सांगितले. मला ते आठवत नाही.

त्यांनी मला एक नियम घालून दिला होता. तक्रारीचे पत्र खुशाल लिहावे, पण तीन बैठका होईपर्यंत देऊ नये. बहुतेक पत्रे दुसऱ्या बैठकीनंतर मीच फाडली. ध्वनिक्षेपकाच्या पत्राला मात्र थांबलो नाही. उपविधीचा आधार देऊन मी लिहिले, "सभागृह सभासदेतर व्यक्तीस वापरू देऊ नये." कार्यकारिणीने त्या वाक्याचा शब्दशः अंमल केला. समारंभ सभासदांच्या नावावर होतात. त्यांच्यासाठी कुलूप आजही उघडते. सभासद नव्हत्या त्या फक्त सिस्टर, ज्यांचा आवाज कधी दाराबाहेर गेला नाही.

सूचनाफलकावर लावलेले माझे पत्र त्यांनी उभ्याने वाचले.

"अक्षर चांगलं हाय, काका. किती बैठका थांबलात?"

त्यांनी माझी पट्टी मागितली, तपासली, परत दिली आणि त्या बसथांब्याकडे निघून गेल्या.

माफीचे पत्र मात्र मी नियमाप्रमाणे राखून ठेवले. कुलपासमोरच्या पायरीवर, पोटावर हात ठेवून, एकट्याने तीन बैठका पूर्ण केल्या आणि मग ते घेऊन त्यांच्या गावी गेलो. घर बंद होते. शेजारीण म्हणाली, "सिस्टर लेकीकडं गेली. परत यायचं काय बोलली नाय."

पत्र माझ्याजवळच आहे. मंगळवारी आणि शनिवारी मी अजून पायरीवर बसतो. इतर कोणी येत नाही.

सिस्टरांना न दिलेले उत्तर तक्रारदाराने येथे जाहीरपणे दिले आहे: तो थांबला नाही. आता अध्यक्ष व सचिव यांनी सर्व सभासदांसमोर उभे राहून सांगावे, की येत्या मंगळवारी मी माझी पट्टी कोणाला दाखवायची.