अहमदपुरी कराटे आणि एक राहिलेली लढत

कराटेत सर काहीही म्हणाले की कमरेत वाकून "ओस!" म्हणायचं असतं. हो सर, समजलं सर, करतो सर, सगळं त्या एका जपानी शब्दात येतं. आम्ही पोरं अहमदपुरात शाळेच्या मैदानावर सकाळी सकाळी एका सुरात "ओस! ओस!" करू लागलो, आणि चारच दिवसांत शेजारच्या गल्लीतल्या बायका पदर खोचून आल्या. सगळ्यांच्या पुढे माझी आई.

"मास्तर, सकाळच्या पारी लेकरांच्या तोंडानं गाव ओस पाडून राहिले का तुम्ही? दुसरा शब्द न्हाई घावला?"

सरांची जपानवर फार श्रद्धा होती, पण माझी आई जपानपेक्षा जवळ राहायची. त्यांनी जागच्या जागी फर्मान काढलं, "उद्यापासून 'हाव' म्हणायचं." आमच्याकडे हो म्हणायला हावच म्हणतात. तेव्हापासून मैदान "हाव!"नं दणाणू लागलं आणि गाव बचावलं.

त्या क्लासात माझा जोडीदार होता कूलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा मुलगा. ठोसा पूर्ण ताकदीनं मारायचा आणि समोरच्याच्या छातीपासून बोटभर अंतरावर थांबवायचा, ही आमच्या खेळाची खरी मजा. त्या अंतरावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस क्वचित मिळतो. लग्नानंतरही, पोटं सुटल्यानंतरही आम्ही रोज तासभर खेळायचो. मग कूलरचा धंदा त्याला नांदेडला घेऊन गेला आणि मी लातूरला स्टेशनरीचं दुकान टाकलं.

लातूरला क्लास लावला, पण तिथं जोडीदार म्हणून मिळतात दहावी-बारावीची पोरं. परीक्षा आली की ती ट्यूशनमध्ये गडप होतात, आणि असतात तेव्हा "काका, लागलं का?" असं विचारत विचारत मारतात. याहून मार परवडला. म्हणून मी गच्चीवर एकटाच खेळतो. हवेत ठोसा मारतो, आणि तो माझ्या जुन्या जोडीदाराच्या छातीच्या उंचीला आपोआप थांबतो. तिथं कुणीच नसतं. मी थोडा वेळ तसाच उभा राहतो. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या वहिनींना वाटतं, याची नस आखडली.

मागच्या हिवाळ्यात नांदेडच्या स्पर्धेत चाळिशीपुढच्यांचा गट निघाला. मी लगेच त्याला फोन लावला.

"नाव टाकतोस का?"

"घुटने गए यार माझे."

"माझे राहिलेत काय? घुटन्यांची स्पर्धा हाय का ती?"

"चल. पन हरल्यावर रोना नै."

गटात आम्ही चारच म्हातारे. तो एका बाजूला, मी दुसऱ्या. दोघांनी एकेक लढत जिंकली की अंतिम फेरीत समोरासमोर! मला पदक नको होतं, तो समोर हवा होता. माझ्या वाट्याला परभणीचे एक डॉक्टर आले. अर्ध्या लढतीत त्यांनी स्वतःची नाडी पाहिली आणि माघार घेतली. मी फायनलला!

त्याच्यासमोर होते एक ठेंगणे बँक अधिकारी. तो मस्त आघाडीवर होता. तेवढ्यात त्याचा पाय रेषेबाहेर पडला. पुण्याकडून आलेले पंच म्हणाले, "रेषेबाहेर जायचं नाही."

तो कमरेत वाकला. "हाव!"

पंचांच्या भुवया चढल्या. "पंचांशी बोलायचं नाही."

"हाव!"

"ताकीद देतोय!"

"हाव!"

मी कडेवरून ओरडलो, "अबे, गप बस की!"

तो माझ्याकडे वळला, वाकला. "हाव!"

बाद! सगळा हॉल हसला. मीही पोट धरून हसलो, आणि हसता हसताच कळलं की आपली लढत गेली.

फायनल मी हरलो. माझे ठोसे त्या ठेंगण्या साहेबांच्या डोक्यावरून जात राहिले. मुठीला दुसरी उंचीच ठाऊक नव्हती.

बक्षिसं वाटून झाली. संध्याकाळी हॉल लग्नाला दिलेला होता, त्यामुळे कामगार मॅट उचलू लागले. तो उरलेल्या मॅटवर जाऊन उभा राहिला. "आ जा, बुढ्ढे."

आम्ही सुरू झालो. पंच नाही, गुण नाहीत. त्याचा ठोसा छातीशी येऊन थांबला आणि मला इतकं बरं वाटलं की माझा ठोसा द्यायचाच राहिला.

"काका, पाय उचला," म्हणत एकानं पायाखालची मॅट ओढली. आम्ही पुढच्या मॅटवर सरकलो. तीही गेली. शेवटी उघड्या फरशीवर खेळू लागलो, गुडघे कुरकुरत होते, दोघांनाही दम लागला होता. दारातून फुलांच्या माळा घेऊन एक गृहस्थ आत आले. पांढऱ्या कपड्यांतली दोन घामाघूम माणसं पाहून त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?"

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मी याच्याकडचा."

लातूरच्या गाडीला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात बरंच खेळून झालं असतं, पण आमच्या दोघांच्या मधोमध खुर्च्या मांडायला सुरुवात झाली होती.