रुंद दगड

"रिकाम्या हाताने कुठे निघालात?" लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी बाई विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता हातात दगड द्यायच्या.

बाई आमच्याच कॉलनीतल्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. दर पावसाळ्यात जुन्या पायवाटेचे दगड घसरून खाली यायचे. वर जाणाऱ्याने त्यातला एक परत न्यायचा, असा त्यांचा कायदा होता. आठवडाभर अंबडच्या कारखान्यात काढून मी रविवारी हवा खायला जायचो. हवा मिळायची, पण दगड उचलल्यावर.

दगड कुठेही टाकून चालायचं नाही. "नीट बसवा हो भाऊ. बुद्धपौर्णिमेला कांबळेआजी चढणार आहेत इथून."

म्हाताऱ्या बायांना वर्षातून एकदा वंदनेला वर जाता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. बाईंची आई एका साली निम्म्या वाटेवरून परत फिरली होती, आणि पुढची पौर्णिमा तिला दिसली नाही. हे बाईंनी एकदाच सांगितलं, तेही दगडाखाली माती दाबता दाबता.

मग एक समिती आली. हार आले, लाउडस्पीकर आला. पाहुणे प्राचीन वाटेच्या महतीवर पायथ्याशीच उभे राहून बोलले. वाटेच्या तोंडाशी त्यांच्या नावाची कोनशिला बसली आणि समिती उठली.

पुढच्या पावसात पाण्याने वाट मधोमध तोडली. कोनशिलाही आडवी झाली. बाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, चांगला रुंद आहे हा."

"बाई, त्यावर नाव आहे!"

"मग नाव खाली करू. आजींचा पाय नको पडायला त्यावर."

आम्ही चौघांनी तो वर नेला. नाव मातीकडे, खडबडीत पाठ आभाळाकडे. पाहुणे अखेर डोंगर चढले.

त्या पौर्णिमेला कांबळेआजी त्याच दगडावर टेकल्या. पाणी प्यायल्या. "बसायला लय बरा हाय गं ह्यो," म्हणाल्या आणि उठून थेट लेण्यापर्यंत गेल्या. बाई नुसत्या मागे मागे चालत राहिल्या.

पुढे बाईंचेच गुडघे गेले. मग त्या पायथ्याशी स्टूल टाकून दगड वाटायच्या आणि उतरणाऱ्याला विचारायच्या, "रुंद दगड हलत नाही ना?"

आता बाई नाहीत. वर जाणारे मात्र अजून वाकून एक दगड उचलतात. का, असं विचारलं तर म्हणतात, इथली पद्धत आहे.

रुंद दगडाशी आलो की मी पाय दाबून बघतो. हलत नाही. खाली उतरल्यावर हे सांगायला कुणी नसतं, तरी बघतो.